घराचे शटर आणि पावसाळा

पूर्वी आपल्या वस्त्यांतील घरांना लाकडी दार असे, नाहीतर पत्र्याचे. पुढे कुडाच्या जागी विटा आल्या, पत्र्याच्या जागी कुणी स्लॅब टाकला, आणि ज्यांची खोली रस्त्याच्या तोंडाला आहे त्यांनी दाराच्या जागी शटर बसवून घेतले. कुणाचा मुलगा रिक्षा चालवतो, तो रात्री रिक्षा आत घेतो. कुणाच्या घरी शिलाई मशीन आहे, कुठे झेरॉक्स, कुठे पिठाची गिरणी, कुठे इस्त्रीचे टेबल. दिवसा दुकान आणि रात्री त्याच खोलीत अंथरुणे, असा संसार आपल्याकडे हजारो घरांत चालतो. शटर बसवताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो, रंग निवडतो, घराण्याचे नावही रंगवून घेतो. त्यानंतर मात्र ते अडेपर्यंत त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

प्रस्तुत लेखक कारकुनी करणारा, मिस्त्री नव्हे. पण वस्तीत काम करताना जी गाऱ्हाणी कानावर येतात त्यांत शटरचे गाऱ्हाणे दर पावसाळ्यात ठरलेले आहे. बोट चेमटले, कंबर धरली, शटर अर्ध्यात अडकून मशीन आत आणि गिऱ्हाईक बाहेर राहिले, शटरला करंट आला. यातल्या बहुतेक गोष्टी मे महिन्यातील एका दुपारच्या कामाने टळण्यासारख्या आहेत. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

शटर कसे चालते

लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवून शटरचा पडदा बनतो. दोन्ही बाजूंच्या खाचांतून, म्हणजे चॅनलमधून, तो वरखाली सरकतो आणि वर एका पाईपवर गुंडाळला जातो. दहा फूट रुंद व आठ फूट उंच असे १८ गेजचे शटर घेतले तर नुसत्या पडद्याचे वजन ऐंशी ते शंभर किलोच्या घरात जाते. एवढे वजन आपली आई किंवा बहीण एका हाताने कशी उचलते? त्या पाईपवर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढताना स्प्रिंग पिळली जाते आणि वर नेताना तोच पीळ सुटत जाऊन वजन तोलून धरतो. म्हणजे शटर आपण उचलत नाही, स्प्रिंग उचलते, आपण फक्त हात लावतो.

एवढे ध्यानात ठेवले म्हणजे दोन गोष्टी समजतात. पहिली, शटर जड झाले तर ते म्हातारे झाले असे नव्हे. स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा तुटली आहे, नाहीतर पट्ट्या खाचेत घासत आहेत. दुसरी, शटर बंद असते तेव्हा वरच्या स्प्रिंगेत सर्वांत जास्त जोर साठलेला असतो. जो हौशी माणूस शिडी लावून, पाना घेऊन ती सोडायला जातो, त्याच्या तोंडावर किंवा मनगटावर तो जोर एकदम येतो. स्प्रिंगेला घरच्या माणसाने हात लावायचा नाही, मग तो कितीही हुशार असो. बाकी सर्व निगा आपल्याला करता येते.

आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या एक मावशी आहेत. दीड वर्ष रोज सकाळी त्या उंबऱ्यावर उभ्या राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायच्या, "अरे दादा, जरा शटर वर कर की." पोरेही "हो मावशी" म्हणत हात लावून जायची. शेवटी मिस्त्री आला तेव्हा तीनपैकी एक स्प्रिंग कधीच तुटलेली निघाली. दीड वर्ष दोन स्प्रिंगांवर तिसरीचा भार होता. मिस्त्री म्हणाला, "मावशी, आणखी दोन महिने गेले असते तर दुसरीही गेली असती आणि शटर पायावर आलं असतं."

सकाळी शटर उघडायला दुसऱ्याला बोलवावे लागणे ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. पण रात्री त्याच शटराआड कुटुंब झोपत असेल तर?

बंद शटर आणि आग

३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्याच्या कोंढवा भागात एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. बाहेरून कुलूप होते. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला आग लागून पाच कामगार गेले. तेथेही कुलूप बाहेरून होते. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पिंपरी-चिंचवडमधील चिखली परिसरात हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि दुकानातच राहणारे पती-पत्नी व त्यांची दोन मुले असे एकाच घरातील चौघे दगावले. तिन्ही वेळा पहाट होती, माणसे झोपेत होती.

दुकानावर झोपायला जाणारी पोरे कोणाची असतात हे वाचकांना सांगायला नको. बेकरी, कापडाचे गोडाऊन, फरसाणाचा कारखाना, अशा ठिकाणी गावाकडून आलेला भाऊ किंवा भाचा रात्री राखणीला असतो. मालक जाताना बाहेरून कुलूप लावून जातो. कारण विचारले तर चोरीची भीती सांगतो. आपल्या घरचे कोणी अशा नोकरीवर असेल तर त्याला एवढेच विचारा, की रात्री तुला आतून बाहेर पडता येते का. येत नसेल तर पगाराच्या आधी त्या कुलपाची बोलणी करावी. एकट्या पोराचे मालक ऐकत नसेल तर वस्तीतील चार जाणत्यांनी जाऊन बोलावे.

आणि आपल्या स्वतःच्या घरी? शटर हाच एकमेव रस्ता असेल तर घरातील सर्वांत कमी ताकदीच्या मोठ्या माणसाला, बहुधा आजीला, ते आतून उघडता आले पाहिजे. शटर चांगले की वाईट हे ठरवण्याची माझ्या मते हीच कसोटी आहे. रंग आणि गेज नंतर. आजीला उचलत नसेल तर ते शटर नादुरुस्त समजावे, जरी घरातील तरुण पोरगा एका झटक्यात वर नेत असला तरी. आगीच्या उष्णतेने पट्ट्या वाकतात, खाचेत आधीच घासणारे शटर मग मुळीच हलत नाही, आणि धुराने माणसाला झटके मारण्याइतकी शक्ती राहत नाही.

रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली एका ठरलेल्या खिळ्यावर, अंधारात हाताला लागेल अशी ठेवावी. उशाखाली नको, पँटच्या खिशात नको. शक्य असेल तर किल्लीशिवाय आतून सरकवता येईल अशी कडीच बसवून घ्यावी. मागे दार काढता येत असेल तर उत्तम. दाटीच्या वस्तीत मागे दुसऱ्याची भिंत असते हे मला ठाऊक आहे. तेव्हा नवीन शटर करणाऱ्यांनी फॅब्रिकेशनवाल्याला शटरमध्येच माणूस जाण्याइतके छोटे दार ठेवण्यास सांगावे, किंवा शटरच्या बाजूला दोन-अडीच फुटांचे साधे दार सोडावे. जागा थोडी जाते, पण रात्री-बेरात्री शटरचा खडखडाट न करता बाहेर पडता येते, हा फायदा रोजचा आहे. गॅसची शेगडी आणि सिलिंडर शटराच्या तोंडाशी ठेवू नयेत. भडका उडाला तर तोच रस्ता बंद होतो. गिऱ्हाइकांसाठी भजी तळणाऱ्यांना हे गैरसोयीचे आहे हे खरे, पण निदान रात्री तरी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा.

मे महिन्यातील दुपार

मृगाचा पाऊस येण्याआधी, बुद्ध पौर्णिमेच्या साफसफाईतच एक दुपार शटरला द्यावी. प्रथम ते अर्ध्यावर आणून हात हळूच सैल करावा. पाय बाजूला, हात तयारीत, मुले लांब. निरोगी शटर तिथल्या तिथे राहते, फार तर किंचित सरकते. धाडकन खाली येऊ लागले तर स्प्रिंग गेली. आपोआप सुसाट वर पळाले तर पीळ जास्त आहे. एका बाजूला तिरके उतरत असेल तर त्या बाजूची स्प्रिंग किंवा खाच पाहावी लागेल. तिन्ही बाबतींत तेल-पाणी करीत बसू नये, मिस्त्री बोलवावा.

मग मान वर करून भिंत पाहावी. पाईप ज्या दोन ब्रॅकेटांवर टेकलेला असतो ती भिंतीत बोल्टाने किंवा सिमेंटात पक्की केलेली असतात. आपल्या घरांच्या भिंती पुष्कळदा चार इंची, आणि प्लास्टर स्वस्तातले. ब्रॅकेटच्या भोवती प्लास्टरला चीर दिसली, बोल्टातून गंजाचा ओघळ आला असेल, शटर हलवताना वरून माती गळत असेल, तर डोक्यावरचे शंभर किलो आता भिंतीच्या मर्जीवर आहे असे समजावे. ही गोष्ट मिस्त्रीसुद्धा नेहमी पाहत नाही, कारण तो स्प्रिंग बदलायला आलेला असतो. आपण दाखवावी. पावसात भिंत ओल धरते आणि ढिले झालेले ब्रॅकेट आणखी ढिले होते, म्हणून हे काम पावसाआधीच व्हावे.

खाचा साफ करायला तारेचा ब्रश आणि कोरडे फडके पुरते. खाचेच्या तळाशी वर्षभराची माती, विड्यांची थोटके, गुटख्याच्या पुड्या, पोरांच्या गोट्या असे काय काय निघते. तळ मोकळा नसेल तर शटर पूर्ण टेकत नाही आणि पावसाचे पाणी तिथेच साठून पट्टी खालून सडू लागते. शटरचा गंज नेहमी तळाच्या एक-दोन पट्ट्यांपासून सुरू होतो. वरच्या पत्र्याच्या पेटीतही एकदा डोकवावे. तिथे पारव्याचे घरटे, उंदराने नेलेल्या चिंध्या, कधी कुरतडलेली वायर सापडते.

तेल कोणते, यावर घरोघरी वाद असतो. गॅरेजमधून आणलेले जळके ऑईल पुष्कळ जण ओततात, कारण ते फुकट मिळते. ते करू नये. त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो, खाच पूर्वीपेक्षा घट्ट होते आणि शिवायला आलेले कापड डागाळते ते वेगळेच. खोबरेल किंवा गोडेतेल लावले तर ते काही दिवसांत चिकट होऊन बसते. शिलाई मशीनचे पातळ तेल फडक्यावर घेऊन खाचेच्या आतून पुसून घ्यावे, थेंब गळेल इतके नको. ग्रीस फक्त वर, पाईप जिथे फिरतो तिथे, आणि तेही मिस्त्री आल्यावर त्याच्याकडून. कुलपाच्या खोबणीत तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकावी, त्यावर धूळ चिकटत नाही.

खालच्या पट्टीवर दोन्ही टोकांना छोटे अडकण असते, त्यामुळे शटर वर जाताना ठरावीक जागी थांबते. ते झिजले किंवा निखळले तर एखाद्या दिवशी जोराने वर ढकललेले शटर पूर्ण पेटीत गुंडाळून जाते आणि हाती काहीच राहत नाही. वेल्डिंगचे हे काम किरकोळ आहे, पण राहिले तर त्या दिवसाचा धंदा बुडतो.

मिस्त्री बोलावताना त्याने शटर पूर्वी केलेली आहेत ना हे विचारावे. ग्रीलचे काम करणारा प्रत्येक जण स्प्रिंगचे काम जाणतोच असे नाही. तुटलेली स्प्रिंग आपल्या हातात द्यायला सांगावी. किती स्प्रिंगा बदलल्या ते बिलावर लिहून घ्यावे. एक तुटली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या असतात, तेव्हा सर्व बदलण्याचा सल्ला प्रत्येक वेळी लबाडीचा नसतो, पण त्याने कारण दाखवावे. काम झाल्यावर पैसे देण्याआधी शटर घरातील बाईमाणसाने स्वतः वरखाली करून पाहावे. दर गावोगावी वेगळे आहेत, म्हणून आकडा देत नाही. एक मात्र सुचवतो. गल्लीतील आठ-दहा घरांनी मिळून एकाच दिवशी मिस्त्री बोलावला तर त्याची येण्याची खेप एकच होते आणि भावात बोलायला जागा मिळते. महिला मंडळांनी हे मनावर घेतले तर एका रविवारी गल्ली उरकेल.

नवीन शटर घेणाऱ्यांनी गेज विचारून घ्यावे. १८ गेजची पट्टी सुमारे सव्वा मिलिमीटर जाड, २० गेजची एक मिलिमीटरहून थोडी कमी. स्वस्त दिले म्हणजे बहुधा पट्टी पातळ दिली. धातूच्या शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे. दुकानदाराला त्याचे नाव जरी घेतले तरी तो सावध होतो, असा अनुभव आहे.

शटरला करंट

हा भाग सर्वांनी वाचावा, ज्यांच्या घरी शटर नाही त्यांनीही, कारण दुकानाच्या ओट्यावर पावसात आडोशाला आपण सर्वच उभे राहतो.

शटर म्हणजे आठ-दहा फुटांचा लोखंडाचा सलग पत्रा. त्याच्या वर पाटीचा दिवा असतो, त्या दिव्याची वायर पुष्कळदा पेटीच्या कडेवरून घासत गेलेली असते. कुठे खांबावरून आलेली वायर पत्र्याच्या छपराला टेकलेली असते. वायरीचे आवरण एका जागी सोलले गेले की सगळे शटर जिवंत होते. उन्हाळ्यात हे कळत नाही. पावसात ओट्यावर पाणी, पाय अनवाणी, हात ओले, आणि आपण वाकून कडी धरतो. कडी मुठीत धरली असताना धक्का बसला तर मूठ आवळते आणि सुटत नाही.

शटरला हात लावताच मुंग्या आल्यासारखे किंवा झिणझिण्या वाटल्या तर अंग ओले असेल म्हणून सोडून देऊ नये. पुन्हा हात लावून खात्री करायलाही जाऊ नये. घरातील मेन स्विच बंद करावा आणि वायरमन बोलवावा. टेस्टरचा दिवा लागला तर शटरला करंट आहे असेच धरावे, पण दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. मेन बंद करूनही करंट येत असेल तर तो बाहेरून, खांबावरून किंवा शेजारून येत आहे. अशा वेळी कुणालाही ओट्यावर चढू देऊ नये आणि वीज कंपनीला कळवावे. महावितरणचा तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे.

पावसाआधी वायरमनकडून तीन कामे करून घ्यावीत. पाटीच्या दिव्याची वायर शटरपासून दूर, पाईपमधून न्यावी. शटरच्या चौकटीला अर्थिंग जोडावे, आणि घराचे अर्थिंग मुळात जिवंत आहे का ते तपासावे. तिसरे, मीटरजवळ ईएलसीबी बसवावा, ३० मिलिअँपिअरचा. एमसीबी म्हणजे फ्यूजचा सुधारलेला भाऊ. तो वायरी वाचवतो, माणसाला धक्क्यापासून वाचवत नाही. ईएलसीबी वीज जमिनीकडे गळू लागली की क्षणात पुरवठा तोडतो. त्याच्यावर चाचणीचे एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर खटका पडला नाही तर तो निकामी आहे. वारंवार खटका पडतो म्हणून काही जण त्याला वगळून सरळ वायर जोडून घेतात. खटका पडतो म्हणजे कुठेतरी वीज गळते आहे. ती जागा शोधण्याऐवजी राखणदाराला घरी पाठवण्याचा हा प्रकार आहे. मात्र बाहेरच्या वायरीतून येणाऱ्या करंटावर घरातला ईएलसीबी उपयोगी पडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कुणी चिकटलाच तर त्याला धरायला धावू नये. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला शटरपासून दूर ढकलावे.

भाड्याचा गाळा

गाळा भाड्याचा असेल तर दुरुस्ती कुणी करायची यावर भांडणे होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकरूने लेखी नोटीस द्यावी, आणि पंधरा दिवसांत काम झाले नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. यासाठी नोटिशीची पोच, मिस्त्रीचे बिल आणि भाड्याच्या पावत्या जवळ हव्यात. तोंडी सांगितले होते, हे नंतर चालत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर असलेल्यांनी करारात दुरुस्तीचे कलम काय आहे ते सही करण्याआधी वाचावे. आपल्याकडे करार शेवटच्या पानावरून उघडला जातो, कारण सही तिथे असते.

पाऊस सुरू असताना आणि नंतर

पावसाळ्यात शटर आठवडाभर बंद राहू देऊ नये. गावी गेलात तर शेजाऱ्याला सांगून जावे. दोन-तीन दिवसांनी एकदा पूर्ण वरखाली केले की पट्ट्यांच्या सांध्यांत गंज धरत नाही. शटर ओढताना आकडा वापरावा. पट्ट्यांच्या फटीत बोटे घालून ओढण्याची सवय पोरांना लागते ती मोठ्यांचे पाहून. लहान मुले खालच्या पट्टीला लोंबकळून वर जाण्याचा खेळ करतात, तो पहिल्याच दिवशी बंद करावा. वरची पेटी उघडी असेल तर मुलाचा हात किंवा ओढणीचे टोक पट्टीबरोबर आत ओढले जाते. उचलताना गुडघ्यात वाकावे, कंबरेतून झटका देऊ नये; गरोदर बाईने शटरला हातच लावू नये.

रंगाचे काम पावसानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात. मे महिन्यात केले तरी चालते, पण घाईने मारलेला रंग पावसात फुगतो. गंज खरवडून, पॉलिश पेपर मारून, रेड ऑक्साइडचा हात देऊन मग ऑईल पेंट पातळ मारावा. सांध्यांत रंग भरू नये आणि खाचेच्या आत रंग मुळीच लावू नये. रंग पुरता वाळेपर्यंत शटर गुंडाळू नये, नाहीतर पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली उचलायला येते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्या असतील तर साधा रंग त्यावर टिकत नाही, त्या तशाच पुसून ठेवाव्यात. कोकणात आणि मुंबईच्या समुद्रकाठच्या वस्त्यांत खारे वारे वर्षभर लोखंड खातात. तिथल्या लोकांनी नवीन शटर करताना जस्ताच्या मुलाम्याचीच पट्टी घ्यावी.

विदर्भातले वाचक म्हणतील, आमच्याकडे पावसापेक्षा ऊन कठीण. चंद्रपूर-नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी शटर घट्ट होते आणि लोक म्हणतात की लोखंड फुगले. फुगते हे खरे, पण किती? दहा फुटांची पट्टी तापमान तीस अंशांनी वाढले तर जेमतेम एक मिलिमीटर वाढते. तेवढ्याने शटर अडत असेल तर खाच आधीच मातीने भरलेली आहे किंवा रिक्षाच्या धडकेने आत वाकली आहे. तिथेही उपाय तोच, तारेचा ब्रश.

आता मोटारीवर चालणारी शटरे आपल्याही लोकांच्या गाळ्यांना दिसू लागली आहेत. बटण दाबले की काम होते. पण वीज गेल्यावर हाताने उघडण्याची साखळी किंवा खटका त्याला आहे ना, आणि तो आतून चालतो ना, हे घेतानाच पाहावे आणि घरातील प्रत्येकाकडून एकदा चालवून घ्यावे. अमेरिकेत घरोघरी मोटार ठेवण्याची खोली असते आणि तिचे दार असेच बटणावर चालते. त्या दाराखाली सापडून मुले दगावू लागली तेव्हा तिथे कायदा झाला आणि १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, मध्ये अडथळा आल्यास दार उलटे वर नेण्याची सोय सक्तीची झाली. आपल्या दुकानदाराला विचारावे की खाली येणारे शटर मध्ये मूल आले तर थांबते का. तो गप्प बसला तर बटण मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर बसवावे, आणि शटर पूर्ण टेकेपर्यंत बटणाजवळच उभे राहावे.